पाळणाघरातील ताई वारंवार बदलणे आणि दोन वर्षांखालील मुले

अबोली (फोंडा)

नमस्कार. माझा मुलगा वीस महिन्यांचा आहे आणि जूनपासून तो फोंड्यातील एका खासगी पाळणाघरात सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहापर्यंत असतो. मी आणि माझे यजमान दोघेही पणजीला नोकरी करतो. सासूबाई डिचोलीला असतात आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे धावत्या मुलाला सांभाळणे त्यांना शक्य नाही. त्यामुळे पाळणाघर असावे की नसावे, हा प्रश्न आमच्यापुढे नाही आणि ती चर्चा या धाग्यावर होऊ नये अशी विनंती आहे. मला विचारायचे आहे ते तेथील ताईंविषयी.

जूनमध्ये ज्या ताईंकडे त्याला सोपवले त्यांच्याशी तो महिन्याभरात रुळला. तो पाण्याला 'बुबू' म्हणतो हे त्यांना ठाऊक होते. पेज भरवताना एक चमचा त्याच्या हातात आणि एक आपल्या हातात, अशी त्यांची रीत होती. त्याने आपल्या चमच्याने नुसती वाटी वाजवली तरी त्या त्याला थांबवत नसत. चतुर्थीच्या आधी त्या काम सोडून गेल्या. दुसऱ्या ताई आल्या, त्या दसऱ्यापर्यंत टिकल्या. आता तिसऱ्या आहेत, आणि भरीस भर म्हणून संचालिकाबाईंनी दर सोमवारी गटांच्या ताई बदलण्याची पद्धत सुरू केली आहे. मूल एकाच ताईला चिकटले की ती रजेवर गेल्यावर ते जेवत नाही, झोपत नाही आणि इतर मुलांनाही रडवते, म्हणून सर्व मुलांना सर्वांची सवय असावी, असे त्यांचे म्हणणे आहे.

पूर्वी दारात रडणारा माझा मुलगा आता रडत नाही. समोर जी कोणी असेल तिच्या कडेवर तो निमूटपणे जातो. संचालिकाबाई याला 'छान रुळला' असे म्हणतात. मला ते तसे वाटत नाही, कारण घरी आल्यावर तो मला क्षणभरही सोडत नाही आणि रात्री दचकून उठतो. ताईंची अशी फिरती पाळी लावणे योग्य आहे का, एका ताईकडे या वयाची किती मुले असावीत, आणि पालक म्हणून मी संचालिकाबाईंशी नेमके काय बोलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्राजक्त (मडगाव)

अबोलीताई, मी बालविकास हा विषय शिकवते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

शांत झालेले मूल रुळलेले असतेच असे नाही, ही तुमची शंका रास्त आहे. ब्रिटनमध्ये जेम्स आणि जॉयस रॉबर्टसन या दांपत्याने आईपासून दूर राहिलेल्या लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण केले होते. १९६९ मध्ये त्यांनी सतरा महिन्यांच्या एका मुलाचे चित्रीकरण केले. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयात असल्यामुळे तो नऊ दिवस एका निवासी शिशुगृहात होता. तेथील परिचारिका मायाळू होत्या. परंतु कोणतेही मूल कोणा एकीकडे सोपवलेले नव्हते आणि पाळीनुसार माणसे बदलत होती. तो मुलगा प्रथम एकेकीजवळ स्वतःहून जाऊन पाहतो, प्रत्येक वेळी ती दुसऱ्या कामासाठी निघून जाते, आणि हळूहळू तो कोणाकडेच जाईनासा होतो. आधी आक्रोश, मग हताशपणा आणि शेवटी अलिप्तता, असे तीन टप्पे रॉबर्टसन यांनी अशा मुलांच्या बाबतीत नोंदवले होते. वरवर पाहणाऱ्याला तिसरा टप्पा शहाणपणासारखा दिसतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तो मुलगा रात्रंदिवस घरापासून दूर होता. तुमचा मुलगा रोज संध्याकाळी तुमच्या कुशीत येतो. दोन्ही स्थिती सारख्या मानणे चूक ठरेल आणि त्यातून तुम्हाला विनाकारण अपराधी वाटेल. अमेरिकेतील एनआयसीएचडी या बालआरोग्य आणि मानवविकासावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या पुढाकाराने १९९१ पासून दहा ठिकाणच्या तेराशेहून अधिक मुलांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात केवळ पाळणाघरात जाण्यामुळे मुलाचे आईशी असलेले नाते दुबळे होत नाही, असेच आढळले. अडचण दिसली ती प्रामुख्याने जेथे घरी आईचा प्रतिसाद कमी आणि पाळणाघरातील सांभाळही निकृष्ट, अशा दोन गोष्टी एकत्र आल्या तेथे. घरी येऊन तुमचा मुलगा तुम्हाला बिलगतो, याचा अर्थ दिवसभर आवरून धरलेले तो तुमच्यापाशी मोकळे करतो. त्याला तसे करू द्यावे.

आता फिरत्या पाळीविषयी. दोन वर्षांच्या आतील मूल 'पाळणाघर' ओळखत नाही, ते माणूस ओळखते. कोणाचा आवाज, कोणाचा खांदा, कोण कशी थोपटते, हे त्याला कळते. इंग्लंडमध्ये एलिनॉर गोल्डश्मीड या बालसंगोपनतज्ज्ञ बाईंनी असा आग्रह धरला की पाळणाघरातील प्रत्येक मुलामागे एक ठरावीक व्यक्ती असावी. तिने त्या मुलाला मुख्यतः भरवावे, निजवावे, स्वच्छ करावे आणि घरच्यांशी तीच बोलावी. २००८ पासून तेथे हे नियमानेच बंधनकारक आहे. तेथे दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक, आणि दोन वर्षांच्या मुलांसाठी पाचांमागे एक असे प्रमाण आहे. हे दुसरे प्रमाण सप्टेंबर २०२३ पूर्वी चारास एक होते.

मूल एका ताईला चिकटते म्हणून ताईच बदलत राहणे, हा उपाय मला मान्य नाही. मुलाचा जीव कोणावर तरी जडणे हेच त्या वयात हवे असते, आणि ती रजेवर गेल्यास काय करायचे याची व्यवस्था संचालकांनी लावायची असते.

मांडवीकाठ (पणजी)

आमच्या पिढीत घरात आजी, काकी, आत्या अशी माणसे असत आणि मूल या कडेवरून त्या कडेवर जाई. त्यामुळे 'अनेकांची सवय असावी' हे ऐकायला बरोबर वाटते. परंतु ते हात अनेक असले तरी रोज तेच असत. चतुर्थीनंतर काकी बदलली आणि दिवाळीनंतर आजी बदलली असे कधी होत नसे. प्राजक्त यांच्याशी सहमत.

करवीर (म्हापसा)

मी स्वतः बरीच वर्षे म्हापशात पाळणाघर चालवते, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला गरजेचे वाटते. वरचे सर्व प्रतिसाद पटले. तरीही ताई का टिकत नाहीत याचा कोणी विचार केलेला दिसला नाही.

ऑक्टोबर लागला की किनारपट्टीवरील हॉटेले आणि दुकाने माणसे घेऊ लागतात. तेथे मिळणारा पगार आमच्यापेक्षा जास्त असतो, कधी एक वेळचे जेवणही असते, आणि ते काम दमवणारे असले तरी दहा-दहा किलोचे मूल दिवसातून अनेकदा उचलण्याचे नसते. माझ्याकडे येणाऱ्या काही जणी दोडामार्ग आणि सावंतवाडीकडून बसने येतात. पावसाळ्यात बस चुकली की खाडा होतो, आणि खाड्याचा पगार कापला की ती बाई मनातून निघालेलीच असते. मग एक दिवस फोन येतो की उद्यापासून येणार नाही.

हिशेब समजावा म्हणून एक नमुना मांडते. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा अठरा मुले आहेत आणि महिन्याची फी ६,००० रुपये आहे, म्हणजे जमा १,०८,००० रुपये. जागेचे भाडे २०,०००. खाऊ, गॅस, वीज, साबण, औषधपेटी मिळून १८,०००. चार ताईंना प्रत्येकी १४,००० प्रमाणे ५६,०००. उरले १४,०००, त्यात संचालिकेचा पूर्ण दिवस आणि मे महिन्यात निम्मी मुले गावी गेल्यावर बसणारा तोटा. आता यातील सहा मुले दोन वर्षांखालील असतील आणि तिघांमागे एक हे प्रमाण पाळायचे ठरवले, तर दोन ताई केवळ त्या सहांसाठी लागतील आणि उरलेल्या बारांना दोन. मोठ्या मुलांसाठी ते चालते, परंतु एक जरी रजेवर गेली तर सगळी घडी विस्कटते. पाचवी ताई कायम हाताशी ठेवायची तर फी वाढते. फी वाढवली की पालक पुढच्या गल्लीतील स्वस्त पाळणाघरात जातात, जेथे पंधरा मुलांमागे एकच बाई असते.

फिरती पाळी मीही काही काळ लावली होती आणि मग सोडून दिली, कारण तिच्यामुळे रडणे कमी झाले तरी मुलांचे आजारपण आणि खाणे याचा मागच ठेवता येईना. सोमवारी कोणाला शी पातळ झाली होती हे मंगळवारच्या ताईला माहीत नसे. आता माझ्याकडे दोन ताईंची जोडी आणि त्यांच्याकडे ठरावीक सात-आठ मुले अशी रचना आहे. प्रत्येक मुलाची मुख्य ताई ठरलेली असते, पण दुसरी ताईही त्याला रोज एकदा तरी भरवते किंवा निजवते. एक रजेवर गेली तर मुलाला दुसरी परकी वाटत नाही. अबोलीताईंनी संचालिकाबाईंना हा मार्ग सुचवून पाहावा. रजेच्या दिवशी मुले जेवत नाहीत ही त्यांची अडचण खरी आहे, आणि ती सुटल्याशिवाय त्या पाळी बदलणे थांबवणार नाहीत.

शेवंती (डिचोली)

मी पाळणाघरात काम करणारी ताई आहे. या धाग्यावर आमच्याविषयी इतके लिहिले जात आहे, म्हणून मीही लिहीत आहे.

पगाराचे करवीरताईंनी सांगितले ते खरे आहे. पण मी आधीची जागा केवळ पगारासाठी सोडली नव्हती. तेथे मुलांना भरवण्याच्या वेळी आम्हाला लादी पुसायला लावत, कारण त्या वेळी पालक येण्याची शक्यता नसे आणि जागा चकचकीत दिसावी अशी अपेक्षा असे. सहा मुले एका ओळीत बसवून एका चमच्याने भराभर भरवायचे आणि उठायचे. कोणी तोंड मिटले तर त्याच्यासाठी थांबायला वेळ नसायचा. मूल जेवत नाही म्हणून आई रागावली की बोलणी आम्ही खायची. काम सोडताना मुलांना सांगू नका, ती रडतील, असे मला बजावण्यात आले. एका मुलीला मी ती पाच महिन्यांची असल्यापासून सांभाळले होते. शुक्रवारी तिला झोपवून मी निघाले आणि सोमवारी ती उठून मला शोधत असेल हे मला माहीत होते. त्या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते.

आता जेथे आहे तेथे माझ्याकडे चार लहान मुले असतात. तिघांना एकदम रडू आले तर मी काय करते ते सांगते, कारण पालकांना वाटते की जो जोरात रडतो त्यालाच आम्ही घेतो. मी प्रथम ज्याला दुखले आहे किंवा जो भुकेला आहे त्याला घेते, आणि बाकीच्यांकडे पाहून नाव घेऊन सांगते, ''मी तुला बघितले आहे, याचे झाले की तुझ्याकडे येते.'' आणि मग खरोखर जाते. काही आठवड्यांत मुलांना कळते की ही सांगते तशी येते, आणि त्यांचे वाट पाहणे वाढते. लंगोट बदलताना मी आधी सांगते की आता आडवे करते, आता पाय वर घेते. एक वर्षाचे मूल ऐकून स्वतः पाय उचलते. पण हे सगळे तीच मुले रोज माझ्याकडे असतात म्हणून जमते. दर सोमवारी नवीन मुले आली असती तर मला कोणाचा आवाज कशासाठी आहे तेच ओळखू आले नसते.

पालकांकडे एकच मागणे आहे. मुलाला घेताना दोन मिनिटे थांबावे आणि आमच्याशी बोलावे. रात्री त्याला ताप होता का, घरी पाहुणे आहेत का, बाबा बाहेरगावी गेले आहेत का, हे आम्हाला सांगितले तर दिवसभर ते मूल असे का वागते हे कळते.

प्राजक्त (मडगाव)

शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थिनींना वाचून दाखवणार आहे. लंगोट बदलताना सांगण्याची जी पद्धत तुम्ही लिहिली, तिच्यावर एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी बुडापेस्टमध्ये १९४६ साली सुरू केलेल्या शिशुगृहाचे सारे काम उभे राहिले. युद्धानंतर आईवडिलांविना राहिलेली बालके तेथे होती. भरवणे, अंघोळ घालणे आणि कपडे बदलणे ही कामे उरकून टाकायची नसून त्याच वेळी मुलाला एका मोठ्या माणसाचे पूर्ण लक्ष मिळाले पाहिजे, असा त्यांचा नियम होता. एरवी मूल स्वतः खेळते. म्हणून तेथे प्रत्येक सांभाळणारीकडे ठरावीक मुले असत.

पगाराच्या मुद्द्याला आधार म्हणून आणखी एक सांगते. अमेरिकेत १९८९ साली पाच शहरांतील २२७ पाळणाघरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात ४१ टक्के कर्मचारी काम सोडून जात होते, आणि कोण टिकेल हे ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट पगार हीच होती. जेथे माणसे जास्त बदलत तेथील मुले अधिक वेळ उगाच इकडेतिकडे भटकत राहत आणि भाषेतही मागे असत. म्हणजे ताईचा पगार आणि तुमच्या मुलाचे बोलणे यांचा थेट संबंध आहे.

तिसवाडीकर

मी जुळ्या मुलींचा बाप आहे. नात्याचे सर्व मान्य आहे, तथापि आम्ही पालक तेथे नसतो आणि या वयाची मुले काही सांगू शकत नाहीत. एकाच ताईकडे मूल सोपवायचे तर तिच्यावर लक्ष कोण ठेवणार? आमच्या पाळणाघरात सीसीटीव्ही आहे आणि मोबाईलवर केव्हाही पाहता येते. मला तो मोठा आधार वाटतो. दुर्दैवाने लहान मुलांवरील अत्याचाराच्या बातम्या आपण सर्वच वाचतो.

करवीर (म्हापसा)

तिसवाडीकर, आपली काळजी योग्य आहे आणि तिचे उत्तर संचालकांनी दिलेच पाहिजे. परंतु ठरावीक ताई असणे म्हणजे बंद दारामागे एकटी ताई असणे नव्हे. माझ्याकडे दोन मोठी माणसे एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात असल्याशिवाय कोणत्याही खोलीत मुले ठेवली जात नाहीत. लंगोट बदलण्याची जागा उघड्या दाराच्या खोलीत आहे. नळदुरुस्ती, वीजदुरुस्ती मुले गेल्यावर होते. कामावर घेण्यापूर्वी पोलिसांकडून पडताळणी करून घेतो आणि आधीच्या ठिकाणी फोन करतो. पालकांना कोणत्याही वेळी न सांगता आत येण्याची मुभा आहे. कॅमेरा माझ्याकडेही आहे, पण त्याचे चित्रण फक्त तक्रार आल्यास पाहिले जाते. पूर्वी ते पालकांना खुले होते तेव्हा माझ्या ताई मुलाशी बोलताना मुलाकडे पाहण्याऐवजी वर कॅमेऱ्याकडे पाहत, आणि अकरा वाजता कोणीतरी आई फोन करून विचारी की माझा मुलगा सहा मिनिटे एकटा का बसला होता. तो ठोकळे लावत होता.

शेवंती (डिचोली)

कॅमेऱ्याला आमचा विरोध नाही. चुकीचे वागणारी बाई पकडली गेलीच पाहिजे, आणि ती पहिल्यांदा दुसऱ्या ताईच्या लक्षात येते. म्हणून संचालिकाबाईंकडे जाऊन बिनधास्त सांगता येईल असे वातावरण हवे. आमच्या आधीच्या ठिकाणी एकीने तसे सांगितले तर तिलाच घरी बसवले.

सत्तरीची मुख्यसेविका (निवृत्त)

मी अंगणवाड्यांच्या कामात नोकरीची सगळी वर्षे घालवली. अंगणवाडी आणि पाळणाघर यांत फरक आहे हे आधी स्पष्ट करते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी काही तासांची असते, त्यामुळे नोकरदार आईची गरज तिने भागत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी केंद्राची 'पाळणा' योजना आहे. तीत सहा महिने ते सहा वर्षे वयाची जास्तीत जास्त पंचवीस मुले, दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे २६ दिवस, आणि एक सेविका व एक मदतनीस असे प्रमाण आहे. प्राजक्त यांनी दिलेल्या इंग्लंडच्या आकड्यांशेजारी हे ठेवून पाहावे. पंचवीसपैकी आठ-दहा मुले दोन वर्षांखालील असली, तर दोन बायका त्यांना केवळ कोरडे आणि पोटभर ठेवू शकतात; त्याहून अधिक अपेक्षा करणे त्यांच्यावर अन्याय आहे.

तरीही अंगणवाडीने एक गोष्ट साधली, ती अशी की सेविका त्याच गावातली असते. वाळपईच्या आसपासच्या वाड्यांवर मी अशा सेविका पाहिल्या आहेत, ज्यांनी आधी आईला आणि मग तिच्या लेकीला त्याच खोलीत शिकवले. मुलाचा आजोबा कोण, त्याच्या घरी सकाळी काय शिजते, हे तिला विचारावे लागत नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, त्यामागेही मुलाचे जग न तोडण्याचा हाच विचार होता. शहरातील पाळणाघरांनी शक्य तितक्या ताई चालत येता येईल अशा अंतरावरच्या घ्याव्यात. करवीरताईंच्या ताईंचे खाडे बसमुळे होतात, त्यावर हा एक उपाय आहे. चाळिशी-पन्नाशीतील, स्वतःची मुले मोठी झालेल्या बायका असे काम आवडीने करतात आणि हंगाम आला म्हणून सोडून जात नाहीत, असा माझा अनुभव आहे.

वेर्णा पाळी

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. कायद्याचा मुद्दा अजून आला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्क मिळाला. त्याआधी १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसहून अधिक स्त्री कामगार असल्यास पाळणाघराची अट होतीच. प्रत्यक्षात पुष्कळ कंपन्या जवळच्या खासगी पाळणाघराशी करार करतात आणि मुलामागे ठरावीक रक्कम देतात. असा करार करताना जागा, अग्निशमन आणि कॅमेरा तपासला जातो. ताईंना किती पगार आहे आणि गेल्या वर्षात किती जणी बदलल्या, हे कोणी विचारत नाही. आमच्या कामगार प्रतिनिधींनी यंदा हे दोन प्रश्न व्यवस्थापनाला लेखी दिले आहेत. अबोलीताई आणि त्यांचे यजमान पणजीला जेथे काम करतात तेथेही ते विचारता येतील.

अबोली (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्याचा आधार घेऊन मी संचालिकाबाईंशी बोलले. आधी त्या थोड्या दुखावल्या, परंतु करवीरताईंची जोडीची पद्धत सांगितल्यावर त्यांनी नीट ऐकून घेतले. सोमवारची अदलाबदल सध्या थांबली आहे आणि दोन ताईंकडे आठ मुले असा गट ठरला आहे. तिघांमागे एक हे प्रमाण परवडणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

नंतर आम्ही काही पालक एकत्र बसलो. करवीरताईंच्या नमुन्यातच पाहायचे तर चार ताईंचा पगार प्रत्येकी २,००० रुपयांनी वाढवण्यास ८,००० रुपये लागतात, म्हणजे अठरा मुलांत विभागून प्रत्येकी साधारण ४५० रुपये. बहुतेकांनी तयारी दाखवली. दोन कुटुंबांना ते जड जाईल असे त्यांनी सांगितले आणि त्यांची परिस्थिती आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे तो भाग इतरांनी उचलावा का यावर अजून एकमत नाही. वाढीव रक्कम थेट पगारात दिसावी आणि खाड्याचे पैसे कापण्याऐवजी महिन्यातून दोन भरपगारी रजा असाव्यात, अशी आमची अट आहे. संचालिकाबाईंनी विचार करून सांगते म्हटले आहे.

आता एक प्रश्न उरला आहे. सध्याच्या ताईंचे डिसेंबरात लग्न आहे आणि त्या काणकोणला जाणार आहेत. म्हणजे माझ्या मुलाची ताई पुन्हा बदलणार, आणि या वेळी आम्हाला ते आधी माहीत आहे. हा बदल कसा करावा?

प्राजक्त (मडगाव)

आधी माहीत असणे हीच मोठी गोष्ट आहे. जर्मनीत मुलाला पाळणाघरात रुळवण्याची बर्लिन पद्धत म्हणून एक रीत आहे. पहिले तीन दिवस आई किंवा वडील त्याच खोलीत बसून राहतात आणि वेगळे करण्याचा प्रयत्नच होत नाही. चौथ्या दिवशी काही मिनिटे बाहेर जाऊन पाहतात, आणि नवी व्यक्ती त्याचे रडणे शांत करू शकते का यावर पुढचा वेग ठरवतात. तुमच्या बाबतीत आईच्या जागी जुनी ताई ठेवावी. नवी ताई निदान दोन आठवडे आधी कामावर यावी. पहिले काही दिवस भरवणे-निजवणे जुन्या ताईंनीच करावे आणि नवीने शेजारी बसून पाहावे. मग हळूहळू नवीने करावे आणि जुन्या ताईंनी शेजारी बसावे. या दोन आठवड्यांचा दुहेरी पगार लागेल, तो तुमच्या वाढीव रकमेच्या हिशेबात धरून ठेवा. जोडीतील दुसऱ्या ताईंनी त्या काळात रजा घेऊ नये, कारण बदलाच्या दिवसांत मूल त्यांचाच आधार घेईल.

शेवंती (डिचोली)

मी माझ्या प्रत्येक मुलाची एक वही ठेवते. कशावर झोप येते, कोणत्या कुशीवर निजतो, कोणता शब्द कशासाठी वापरतो, कशाची भीती वाटते, औषध कसे घेतो, असे सगळे तिच्यात असते. तुमच्या ताईंकडून अशी वही लिहून घ्या, त्यांना लिहिण्याचा कंटाळा असेल तर त्यांनी सांगावे आणि तुम्ही लिहावे. पाण्याला 'बुबू' म्हणतो हे पहिल्या पानावर असू दे. ताईंनी मुलाला स्वतः सांगावे की मी जाणार आहे आणि आता ही ताई तुला भरवेल. वीस महिन्यांच्या मुलाला सगळे शब्द कळणार नाहीत, तरी सांगावे. निघताना त्याला जागे असताना भेटावे, झोपेत टाकून जाऊ नये. तो रडेल, तेव्हा नव्या ताईने त्याला घ्यावे.

त्यांचा एक फोटो मुलांच्या उंचीला भिंतीवर लावून ठेवावा. नंतर त्याने बोट दाखवून त्यांचे नाव घेतले तर खेळणे पुढे करून त्याचे लक्ष दुसरीकडे वळवू नये. ''होय, ताई काणकोणला गेल्या, तुला त्यांची आठवण आली,'' असे म्हणावे. काणकोणहून त्या कधी फोंड्याला आल्या तर पाळणाघरात येऊन जाण्यास त्यांना मोकळीक असावी, हे संचालिकाबाईंकडून आत्ताच कबूल करून घ्या.